चंपाक्कांची आमटी

चंपाक्का माझ्या काकू, बंगळूरच्या बसवनगुडीतल्या. स्वयंपाकघरात त्या सुनेला, वाणीला, पाऊल टाकू देत नसत.

मग एका तापात त्यांची चवच गेली. मीठ कळेना, आंबट कळेना. गौरीच्या दिवशी आमटी उकळत होती आणि अक्का रडकुंडीला आल्या होत्या. नैवेद्याआधी चाखायचं नाही, हा घरचा नियम; एरवी वासावरून अंदाज यायचा, आता वासही येईना. शेवटी त्याच ओरडल्या, “वाणी, चाखून बघ! देवीला खारट वाढण्यापेक्षा उष्टं बरं!”

कानडी माहेरची वाणी भीतभीत म्हणाली, “स्वल्प गूळ हवा, अत्ते.”

तेव्हापासून दोघी भांडतात, पण एकाच पातेल्यापाशी.

परवा अक्का माझ्या कानात म्हणाल्या, “चव परत आली रे. खबरदार वाणीला सांगशील तर!” आणि तिथूनच हाक मारली, “वाणी, आमटी चाखून बघ गं!”