चुलत मामंजींचा विलायती दिवाणखाना

आमच्या चुलत मामंजींइतका भिकार जादूगार अख्ख्या कोकणपट्टीत झाला नसेल. कानातून अंडे काढायला जावे तर ते अस्तनीतच फुटायचे, आणि मग बलक पुसत ते मंडळींना सांगायचे की आजची कोंबडी नवीन आहे.

महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या आदल्या वर्षी मी लग्न होऊन मालवणात आले. चुलत मामंजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. एकटा जीव, आमच्याच खळ्यात, अंगणाच्या पलीकडे राहायचे. तरुणपणी मुंबईला एका साहेबाकडे बटलर होते. तो साहेब घरच्या दिवाणखान्यात पाहुण्यांना जादू दाखवी, आणि तो दिवाणखाना, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, यांच्या डोक्यात जो बसला तो उठलाच नाही. म्हातारपणी गावी येऊन त्यांनी आपली पडवी विलायती करायला घेतली. मखमलीचा पडदा कुठून आणणार? जुने शीड काथाच्या रंगात बुडवून टांगले. त्यामुळे यांच्या राणीच्या काळातल्या दिवाणखान्याला बारमाही सुक्या बांगड्याचा वास होता. भिंतीला गुलाबाचे कागद पेजेने चिकटवले, ते श्रावणापर्यंत झुरळांनी फस्त केले. साहेबाकडे भिंतीत शेकोटी होती म्हणून गवंड्याला बोलावून तीही केली. आमच्याकडच्या उकाड्यात तिच्यासमोर काळा कोट घालून आणि पंचा नेसून बसायचे! शेवटी तिथे कोंबडी अंड्यावर बसली आणि मामंजींनी आठवडाभर खेळ बंद ठेवला, तिला गडबड नको म्हणून.

त्यावेळी माझे दुखणे वेगळेच होते. अकरावीचे, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचे, वर्ष अर्धे टाकून माझे लग्न लावलेले. यजमान मुंबईला नोकरीत. त्यांनी हौसेने बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरून दिला. पण नव्या सुनेला घरात पुस्तक घेऊन बसायला जागा कुठली? सासूबाई एकदाच म्हणाल्या, "शिकान काय कलेक्टर होतलंस?" आणि विषय संपला. मी न्हाणीजवळच्या दगडावर कोळशाने प्रमेय काढायची आणि कुणी यायच्या आत पाणी ओतायची. एकदा चुलत मामंजी मागे उभे! त्यांनी प्रमेय पाहिले, मला पाहिले, आणि ते आल्या पावली परत गेले.

पंधरा दिवसांनी दिवाणखान्यात एक शिसवी कपाट उभे राहिले, माणूस गायब करायचे. गायब करायला माणूस हवे म्हणून सासूबाईंकडून त्यांनी मला रीतसर मागून घेतले. कपाटाची मागची फळी सरकवली की पलीकडे त्यांची अडगळीची कोठी. मी पहिल्यांदा आत गेले तर तिथे स्टूल, फळीवर माझी पुस्तके, आणि वर कौलांत एक काचेचे कौल. लख्ख उजेड! गायब करायच्या जागेला उजेड कशाला, असे मी विचारले.

"गायब झालल्या माणसान काय काळोखात बसाचा?" ते म्हणाले.

दर रविवारी दुपारी खेळ. मी आत, आणि बाहेर मामंजी अंडी फोडत, रुमाल विसरत दोन-दोन तास काढत. पुढे रोज तालीम सुरू झाली. सासूबाई कुरकुरल्या तेव्हा मामंजींनी गंभीरपणे सांगितले, "तालीम चुकली तर सून परत येवची नाय, वहिनी." एवढी कामाची सून कोण गमावेल? मला सुट्टी मिळाली.

मला कपाटात घालून दार लावले की ते देवळात देवाकडे मागणे मागतात तसे गाऱ्हाणे घालायचे, आणि दर मागण्याला दुजोरा म्हणून मंडळी एकसुरात "व्हय म्हाराजा" म्हणायची. परीक्षेआधीच्या रविवारी मी आत भूमिती घेऊन बसले होते. बाहेर गाऱ्हाणे चालू झाले. "बा देवा म्हाराजा, ह्यो जो जादूचो खेळ मांडललो आसा, तो पार पाड. काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल. आणि आमची ही सून परीक्षेक बसता, तिका पास कर रे म्हाराजा!"

 म्हाताऱ्याने चारचौघांत सगळे फोडले. बाहेर कुणी "व्हय" म्हणेना. आता घरी गेले की परीक्षाबिरीक्षा सगळे बुडाले, एवढेच मला सुचत होते. आणि मग पुढच्या पाटावरून एकटा आवाज आला, सासूबाईंचा.

"व्हय म्हाराजा."

मागून सगळ्या बायका म्हणाल्या. मी आत तोंडात पदराचा बोळा धरून रडले.

त्या संध्याकाळी मी मान वर न करता भाकऱ्या थापत होते. सासूबाई तांदूळ पाखडता पाखडता म्हणाल्या, "त्या कौलाच्या काचेर पानां पडली हत. सकाळी पुसून घे." बस्स, एवढेच.

मी पास झाले, पुढे शाळेत मास्तरीण झाले. पहिला पगार घेऊन चुलत मामंजींच्या पाया पडायला गेले, तर त्यांनी माझ्या कानातून अंडे काढून दाखवले. न फुटता! त्यांच्याच डोळ्यांत पाणी आले. त्याच पावसाळ्यात ते गेले. दिवाणखान्यात आता नारळ रचलेले असतात, आणि दर पावसाआधी शिडी लावून ती काच मी स्वतः पुसते.