हालिनाआजीचे बटाटे

इकडे परदेशात, आमच्या क्लेटन उपनगरातल्या गल्लीत हालिनाआजी सगळ्यांत जुनी. नव्वदी ओलांडलेली, मूळची युक्रेनची, महायुद्धानंतर बोटीने इथे आलेली. नवरा जाऊन जमाना झाला, मूलबाळ नाही. मागच्या अंगणात गवताचं पातं सापडणार नाही, नुसते बटाटे! मी कुंपणावरून चिडवायचे, "आजी, कुणाचं लग्न काढलंयस?"

"तुझंच! पहिला नवरा आळशी आहे ना?"

मग लॉकडाऊन लागला, दुकानांतले रॅक ओस पडले आणि समोरच्या घरातल्या विक्रांतच्या अंगात आलं. आयटीतला मॅनेजर, घरी बायको मॅनेज होईना, म्हणून शेजारी धरले. फर्मान निघालं: सगळ्यांचं धान्य त्याच्या गराजमध्ये, तिथून घरटी वाटप. आम्हीही कसले साधे! बासमती पलंगाखाली ठेवला आणि गराजमध्ये तुकडा तांदूळ टाकला. सगळ्यांच्या डाळीकडे बघणार कोण? किडे झाले तिच्यात.

उरले आजीचे बटाटे. विक्रांत मागायला गेला, मी गंमत बघायला.

"तयार झाले की घरी न्या, हवे तेवढे," आजी म्हणाली. "गराजमध्ये मात्र एकही नाही."

विक्रांतने हसत बार्बेक्यूची सळई वाफ्यात खुपसली. "कमॉन आजी, किती लपवलेयस?" मीही खिदळले.

आजी वाफ्याच्या कडेला बसली. नजर सळईवरून हलेना. तशीच बोलू लागली. युक्रेनमधल्या गावात ती तेव्हा सात वर्षांची होती. सरकारने गावातली शेतं, घोडे, गाई जबरदस्तीने एकत्र केल्या. वडील नाही म्हणाले, तर त्यांना घेऊन गेले. आपली न राहिलेली गुरं कोण जीव लावून सांभाळणार? गुरं मेली, पीक बुडालं, पण सरकारचा ठरलेला हिस्सा काही कमी होईना. मग माणसं अशाच सळया घेऊन आली, घराची जमीन टोचत. आईने पुरलेली गव्हाची पिशवी सापडली. उन्हाळा लागायच्या आत धाकटा भाऊ भुकेने गेला. गावातली निम्मी घरं बंद झाली.

विक्रांतने सळई हळूच उपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं माफी मागायला गेलो, तर वाफा सगळा उकरलेला. पायरीवर टोपली, तिच्यात गोटीएवढे कोवळे बटाटे.

"अजून महिनाभर ठेवायचे होते," आजी दाराच्या फटीतून म्हणाली. "पण आता लोकांना जागा कळलीय ना."