कमलचं उत्तर मांडवात वाजलं

"वाजवायचं नाही म्हणता, मग तिला बक्षीस का दिलं ते लोकांना कळणार कसं?" प्राचार्य म्हणाले. माझ्याकडे याला उत्तर होतं, पण त्यांना पटेल असं नव्हतं.

मी तेव्हा नगर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. विद्यापीठाने सहवाचनाचा उपक्रम काढला होता. म्हणजे पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांनी एकच पुस्तक वाचायचं आणि काय वाटलं ते सांगायचं. पुस्तक होतं नवी यंत्रं आणि माणसाचा खासगीपणा यावर. खेड्यातली मुलं लिहायला बिचकतात, म्हणून उत्तरं टेपरेकॉर्डरवर घ्यायची ठरली. खोलीत एकट्याने बसून बोलायचं. ऐकणार फक्त परीक्षक, म्हणजे मी, असं प्राचार्यांनीच वर्गात सांगितलं होतं.

सोनईची कमल बोलली ते असं:

"आमच्या गावात फोन एकच, पोस्टातला. भाऊ पुन्याहून बोलतो तवा रांगेतली समदी ऐकत्यात. यंत्राचं भ्या कशाला घालता, मानसंच हायेत की. माजं लगीन ठरवत्यात. मला शिकायचंय, लगीन नगं. घरात आजून बोलले न्हाई. ह्या डब्याला सांगते, ह्यो कुनाला जाऊन सांगत न्हाई."

सगळ्यात चांगलं उत्तर हेच होतं. पहिला नंबर मीच दिला.

"सर, नाव पुकारा, पुस्तक द्या. टेप नको. पोरीचं शिक्षण थांबेल," मी प्राचार्यांना म्हटलं.

"बघू," प्राचार्य म्हणाले. माणूस वाईट नव्हता. कौतुक म्हटलं की स्टेज, हार आणि लाउडस्पीकर, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

स्नेहसंमेलनाला कमलच्या वडिलांना मुद्दाम बोलावून घेतलं. शाल, नारळ, पहिल्या रांगेत खुर्ची. पाहुणे म्हणाले, "आम्हालाही ऐकवा की." प्राचार्यांनी मान डोलावली. मी उठले. मशीन मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, मधे बायाबापड्या बसलेल्या. मी पोचेपर्यंत 'लगीन नगं' कर्ण्यातून बाहेर पडलं होतं. बटण बंद केलं तर लोकांना वाटलं संपलं. टाळ्या पडल्या. कमल मुलींमधून उठून निघून गेली. वडील मांडीवर नारळ घेऊन बसून होते. मला सगळ्यांचीच शिसारी आली.

कार्यक्रम संपल्यावर मी कमलच्या वडिलांकडे गेले. म्हटलं, "पोरगी हुशार आहे. रागावू नका."

"रागवायचं काय, बाई," ते शांतपणे म्हणाले. "घरात बोलली असती तर मी ऐकलंबी असतं. सोयऱ्यांना सांगितलं असतं, वरीसभर थांबा. आता समद्या गावानं ऐकलं. आता थांबलो तर बाप पोरीपुढं वाकला म्हनत्याल. मला आता वाकता येत न्हाई."

मी खूप बोलले. ते हात जोडून उभे राहिले आणि गेले.

कमल पुन्हा कॉलेजात आली नाही. लग्न झाल्याचं सोनईच्याच एका मुलीकडून कळलं. विद्यापीठाने आमच्या उपक्रमाचं कौतुक केलं, प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मी घेतला नाही, तेवढंच.

पुढे नोकरी संपेपर्यंत कुठल्याही विद्यार्थ्याचं मन मी टेपवर घेतलं नाही. खासगीपणा बोलणाऱ्यासाठी असतो असं त्या पुस्तकात होतं. ऐकणाऱ्यालाही तो लागतो, नाहीतर त्याला हो म्हणता येत नाही.