उजळ करून द्या

यशोधराला सगळ्यात जास्त किळस यायची ती कानांची.

मंचरच्या स्टुडिओत भगवंतभाऊ कॉम्प्युटरसमोर बसून गिऱ्हाइकांचे फोटो 'साफ' करायचे, तेव्हा चेहरा दुधात बुडवून काढल्यासारखा व्हायचा, ओठ गुलाबी व्हायचे, आणि दोन्ही बाजूंना कान मात्र जन्माला आले तसेच सावळे राहायचे. दुसऱ्या कुणाचे आणून चिकटवल्यासारखे. हातही तसेच. नवरीच्या गोऱ्यापान गालाला टेकलेला तिचाच काळसर हात बघितला की यशोधरा पडद्यावरून नजर काढून घ्यायची. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नसे. गिऱ्हाईक चेहरा बघून खूश होऊन घरी जाई.

यशोधरा कळंबची. आजोबांच्या काळात घराणं बौद्ध झालं, वडील शाळेत शिपाई होते, नवरा रविंद्र दूध डेअरीत कामाला. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती अशी काही निघाली होती की सासरच्या एका म्हातारीनं विचारलं होतं, "ही तुजी बहीण का?" तो अल्बम तिनं पुन्हा उघडला नाही. पण त्याच रागातून तिनं कॅमेरा हातात धरला, असं रविंद्र सगळ्यांना सांगायचा. भगवंतभाऊंनी तिला ठेवून घेतलं, कारण बाहेर शेतात, नदीवर फोटो काढायचे म्हटले की घरातल्या बायका तिच्यासमोर मोकळ्या उभ्या राहायच्या. माणूस म्हणून भाऊ वाईट नव्हते. फक्त गिऱ्हाइकानं जे मागितलं ते द्यायचं, यापलीकडं त्यांना काही ठाऊक नव्हतं.

उजेडाचं जे काही तिला कळत होतं ते फोटो बिघडवून बिघडवून कळलं होतं. आंब्याखाली उभं केलं की माणसं आजारी दिसावीत तशी हिरवट होतात. डिंभे धरणाच्या पाण्याकाठी संध्याकाळी सावलीत घेतलं तर निळसर. भर दुपारी डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा. म्हणून ती पिशवीत एक पांढरं कापड ठेवायची. माणसं जिथं उभी राहणार तिथं, त्याच उजेडात ते धरायची आणि आधी कॅमेऱ्याला दाखवायची, की बाबा, हे पांढरं. मग कॅमेरा बाकीचे रंगही नीट धरायचा. काळा माणूस काळा, गव्हाळ तो गव्हाळ, उन्हात रापलेला तो रापलेला. आणि असे रंग खरोखरच इतके देखणे दिसायचे की एकेकदा ती शेतातच बसून ते छोट्या पडद्यावर पुन्हा पुन्हा बघत राही. दुसऱ्या दिवशी भाऊ एक बटण दाबत आणि ते सगळं पिठात जाई.

त्या वर्षी द्राक्षं उतरायच्या दिवसांत जुन्नरच्या अलीकडून बोलावणं आलं. कुंडलिकरावांनी बागेतच नवा बंगला बांधला होता. वास्तुशांतीच्या आधी दिवाणखान्याच्या भिंतीवर सगळ्या कुटुंबाचा मोठा कॅनव्हास लावायचा होता, आणि फोटो आपल्याच बागेत काढलेला हवा होता.

यशोधरा ऊन कलल्यावर पोचली. कुंडलिकरावांची बायको लंकाबाई पायरीवरच उभी होती. तिनं गावातल्या पार्लरवालीला बोलावून सगळ्या बायकांना रंगवून ठेवलं होतं. सून वृषाली नवऱ्याबरोबर पुण्याहून आली होती. तिच्या तोंडावर थर इतका जाड होता की हसली की नाकाच्या कडेला भेगा पडायच्या. तिची बालवाडीत जाणारी मुलगी ओवी, तिलाही पावडर. एकट्या कुंडलिकरावांच्या आई, ठकूबाई, धुतल्या तोंडानं ओट्यावर बसल्या होत्या.

"वहिनी, हे जरा पुसलं तर बरं होईल," यशोधरा वृषालीला म्हणाली. "बाहेरच्या उजेडात पावडर पांढरीफटक दिसते."

वृषाली जणू याचीच वाट बघत होती. ती तडक नळावर गेली. ओवीचं तोंड ठकूबाईंनी स्वतःच्या पदरानं पुसलं. लंकाबाईंच्या कपाळावर आठी पडली.

बागेच्या आत, वेलींच्या मांडवाखाली उभं राहायचा सगळ्यांचा हट्ट होता. आत हिरवा उजेड झिरपत होता, त्यात चेहऱ्यांची वाट लागली असती. यशोधरानं त्यांना गोड बोलून बाहेर आणलं. पॅकिंगच्या शेडची सावली बागेच्या कडेला पडली होती, समोर मोकळं आभाळ होतं. तिथं तिनं त्यांना उभं केलं, पायाशी घरातलीच एक पांढरी चादर अंथरून घेतली म्हणजे हनुवटीखाली काळोख धरणार नाही. मग आपलं कापड धरून तिनं कॅमेऱ्याला पांढरं दाखवलं आणि फोटो काढायला घेतले.

फोटो चांगले आले. तिला ते घेतानाच कळलं. कुंडलिकराव आणि त्यांचा मुलगा लालसर गोरे, लंकाबाई पिवळसर गोऱ्या, ठकूबाई आयुष्यभर उन्हात भाजून तांबूस काळ्या, वृषाली भिजल्या मातीच्या रंगाची, आणि ओवी अगदी आईवर गेलेली. कुणी कुणाला झाकत नव्हतं. तिनं ठकूबाईंना कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. म्हातारीनं डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "ह्या सुरकुत्या लई झाल्या गं. पण ब्येस हाय."

सगळे आत गेल्यावर लंकाबाईंनी यशोधराला पाण्याच्या टाकीपाशी चहा दिला. कॅमेऱ्यात डोकावून त्यांनी फोटो बघितला होताच.

"तू कळंबची म्हणलीस न्हवं? कुठल्या आळीची?"

"विहाराजवळ घर आहे आमचं."

"आस्सं." लंकाबाईंनी कपाकडं बघितलं. "आमच्यात तसलं काय न्हाई बरं का. तुला कपात च्या दिला का न्हाई?"

यशोधरानं कप तोंडाशी नेला.

"माजं एक काम कर. सुनंला आन् पोरीला जरा उजळ करून दे. सून आमच्यातलीच हाय, चांगल्या घरची. पण तिचा रंग बघून पावण्यांना भलतंच वाटतं. मागं लग्नात एक बाई मला तोंडावर म्हणली, का वो, सून काय त्या लोकांतली केली का..." इथं त्या अडखळल्या. समोर कोण उभं आहे हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या हसल्या. "तू मनाला लावून घिऊ नको. लोक म्हणत्यात ते सांगितलं."

 यशोधराला राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला की माणूस बोलतं. तिला आली ती शिसारी. उष्ट्या ताटात हात पडल्यावर येते तसली. समोरच्या हसऱ्या, नीटनेटक्या, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेल्या बाईकडं तिला बघवेना. तिनं भरला कप टाकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"आजीपण सावळ्याच आहेत की," ती एवढंच म्हणाली.

"आत्याबाईंचं काय, त्यांचं झालं सगळं. पण त्यांनाबी कर. न्हाईतर एकट्याच येगळ्या दिसतील."

"मी रंग बदलत नाही, काकू. फोटो आहे तसा स्टुडिओत देईन."

"मग भगवंताला मीच फोन करते," लंकाबाई म्हणाल्या. आवाजात काही राग नव्हता.

भगवंतभाऊंनी दुसऱ्याच दिवशी तो फोटो घेतला. एका हातात वडापाव, दुसऱ्या हाताचं तेलकट बोट माऊसवर. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये चेहरे एका दमात गोरे करायची सोय होती, ती त्यांनी ठकूबाईंपासून सुरू केली. सुरकुत्या गेल्या, तांबूसपणा गेला, आणि लुगड्यातून सोललेलं उकडलेलं अंडं वर आल्यासारखं एक तोंड राहिलं. मग वृषाली. मग ओवी. पोरीचे डोळेही त्यांनी घारे केले.

"डोळे कशाला, भाऊ?"

"शोभून दिसत्यात. बघ की."

"तिचे तसे नाहीत."

"अगं, भिंत त्यांची, पोरगी त्यांची. आपलं काय जातंय?" भाऊंनी उरलेला घास तोंडात टाकला आणि पडद्यावर वड्याचा कण उडाला होता तो नखानं काढला, नेमका ओवीच्या गालावरून.

यशोधरा मागच्या मोरीपाशी गेली. ओकारी आली नाही, नुसते कोरडे उमासे आले. तोंडावर पाणी मारून ती बराच वेळ तिथंच उभी राहिली. आत भाऊ गिऱ्हाइकाशी फोनवर हसत बोलत होते.

नोकरी तिनं त्या दिवशी सोडली नाही. वास्तुशांतीचे फोटोही तिच्याच अंगावर होते आणि कबूल केलेलं काम अर्धं टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती गेली. दिवाणखान्यात सोफ्याच्या वर तो कॅनव्हास लागला होता, भोवती झेंडूच्या माळा. येणारी माणसं आधी देवाला आणि मग त्याला बघत होती. "काय फोटो आलाय राव," म्हणत होती. वृषाली खाली मान घालून पंगतीत वाढत होती. पुण्याला कंपनीत असणारा तिचा नवरा पाहुण्यांना फोटो दाखवत होता. बायको शेजारून गेली तरी त्याचं बोट भिंतीकडंच.

जेवणं चालू असताना दारात हशा पिकला. यशोधरा कॅमेरा घेऊन तिकडं वळली. दारातल्या रांगोळीचा डबा ओवीनं मांडीवर घेतला होता आणि ती मूठमूठ रांगोळी दोन्ही हातांना चोळत होती. कोपरापर्यंत पांढरी झाली होती. खरखरीत भुकटीनं कातडी सोलवटून जागोजागी लाल ओरखडे उमटले होते, तरी ती नेटानं घासत होती.

"काय करतीस गं?" कुणीतरी विचारलं.

"फोटोत तोंड पांढरं आहे," ओवी म्हणाली. "हातच राहिलेत."

भोवतीची माणसं पोट धरून हसली. चारदोघांनी मोबाइल काढले. "बघा, एवढ्याशा पोरीला कळतंय," लंकाबाई कौतुकानं म्हणाल्या. एका पाहुण्यानं यशोधराला कोपरानं ढोसलं, "ओ ताई, ह्याचा घ्या की फोटो."

तिनं घेतला नाही. कॅमेऱ्यावर झाकण बसवलं. जिलेबीच्या पाकानं चिकट झालेले ओठ, पानानं रंगलेले दात, वर धरलेले मोबाइल, हे सगळं तिला एकदम इतकं घाण वाटलं की तिथं श्वास घ्यायचीही इच्छा होईना. तेवढ्यात वृषाली आली. हातातली वाढायची बादली तिनं तिथंच ठेवली, पोरीला उचललं आणि मागच्या नळावर नेलं. यशोधरा तिच्या मागोमाग गेली.

पाणी लागल्यावर ओरखडे झोंबले आणि ओवी रडायला लागली. वृषाली तिचे हात हळूहळू धूत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "तुम्ही काढलेला, पहिला, तो आहे का अजून?"

"आहे. जसाच्या तसा."

"मला पाठवा. ह्यांच्या नाही, माझ्या फोनवर."

ठकूबाई काठी टेकत मागं आल्या होत्या. त्यांनी पोरीचे हात बघितले आणि तशाच वळून आत गेल्या. भर पाहुण्यांत, सोफ्यासमोर उभं राहून त्यांनी मुलाला सांगितलं, "कुंडलिक, ते खाली उतरीव."

"असू दे गं आई. पावणं बसल्यात."

"मग एक ध्यानात ठेव. म्या मेल्यावर त्याला हार घालू नगा. ती बाई म्या न्हाई."

 मग कुणीतरी मठ्ठा मागितला आणि पंगत पुढं सरकली. कॅनव्हास काही उतरला नाही.

यशोधरानं महिना संपताच स्टुडिओ सोडला. भांडण झालं नाही. भगवंतभाऊंना खरंच वाईट वाटलं, ते म्हणाले, "तुला एवढ्याशा गोष्टीची एवढी घाण वाटती?" तिनं मान डोलावली. कळंबला हायवेजवळ एक खोली घेऊन तिनं स्वतःचं काम सुरू केलं. फोटो बाहेर, उजेडात काढणार. रंग बदलणार नाही, हे ती आधीच सांगायची. निम्मी माणसं तिथूनच परत फिरायची. एका मुलीचा बाप तर म्हणाला, "मग तुमच्याकडं कशाला येऊ, घरात आरसा हाय की." त्या वेळी मुलगी शेजारीच उभी होती. तिच्याकडं बघून यशोधराला पुन्हा तेच घाण वाटणं जाणवलं. ते कमी होईल असं तिला वाटलं होतं. झालं नाही. उलट आता ते समोरासमोर, दारातच भेटायचं.

पुढच्या हिवाळ्यात वृषालीचा फोन आला, की आम्ही तिघी येतोय. ती, ओवी आणि ठकूबाई. यशोधरा त्यांना घोडनदीच्या काठावर घेऊन गेली. ऊन अजून थोडं कडक होतं. ओवी गाडीतून उतरेना.

"उन्हात नको," ती म्हणाली. "काळी होते मी."

वृषालीनं यशोधराकडं बघितलं. कुणी शिकवलं, हे विचारायची गरज नव्हती. यशोधरानं कॅमेरा पिशवीत ठेवला. "नको येऊ," ती म्हणाली. "ऊन उतरेपर्यंत आम्ही इथंच बसतो."

त्या बसल्या. ठकूबाईंनी वाळूत पाय पसरले, फडक्यातल्या शेंगा काढल्या आणि फोडून खायला लागल्या. टरफलांचा आवाज ऐकून ओवी आधी दार उघडून बसली, मग खाली आली, मग पणजीच्या मांडीत येऊन शेंगा मागायला लागली. सूर्य करंजाच्या झाडामागं गेला होता. उजेड मऊ झाला होता. यशोधरानं कापड धरून कॅमेऱ्याला पांढरं दाखवलं आणि कुणाला काही न सांगता फोटो घेत गेली. तिघींचे तीन काळे रंग, एकाच उजेडात, आणि तोंडं शेंगांनी भरलेली.

तिनं ओवीला पडदा दाखवला. पोरीनं बराच वेळ बघितलं. छान आहे म्हणाली नाही, वाईट आहेही म्हणाली नाही.

"माझ्या दातात शेंग अडकलीय," एवढंच म्हणाली, आणि नदीत खडे टाकायला पळाली.