सालीतलं रिकामं संत्रं

"हिले काही समजत नाही म्हणतात, अन् घरी रोज आपल्या आबाले उल्लू बनवते," दाराबाहेरच्या बाकावर बसलेली एक आई शेजारच्या बाईला सांगत होती.

"कशी वं?"

मी आत फायली लावत होते. प्रताप नगरातल्या आमच्या केंद्रात ऐकू न येणारी लहान मुलं बोलायला शिकायला येतात. दुपारचे तीन वाजले होते आणि माझे पाय सकाळीच दुखायला लागले होते. तरी ऐकत राहिले. पोरगी संत्रं खाते, साल पुन्हा गोल जुळवून आजोबांपुढे ठेवते. ते उचलतात, साल चेपते, पोरगी लोळून हसते. "अन् मले आधीच तोंडावर बोट ठेवायले लावते, मी सांगून देईन म्हणून."

ती पोरगी, वय साडेपाच, त्या दिवशी माझ्याकडे तपासणीला आलेलं नववं मूल. नरखेडकडच्या संत्र्यांच्या गावातून दोघी मायलेकी पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. कानात मशीन लागून जेमतेम वर्ष झालेलं. त्याआधी घरातल्यांनी हातांनीच बोलायचं ठरवलं होतं: मिशीला पीळ म्हणजे आबा, मूठ फिरवली की संत्रं.

आमच्याकडे हात मांडीवर ठेवायचे असतात. हात चालले की मूल बोलत नाही, असं आमच्या मॅडम मानतात. त्या वाईट नाहीत. त्यांनी बोलती केलेली मुलं मी पाहिली आहेत. वर आलेला हात हळूच खाली दाबणं हे माझं काम. दोन वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं होतं की करताना कळतही नसे.

तिची पाळी आल्यावर तिला एकटीला आत घेऊन मी बिस्किटांचा डबा उघडून दाखवला. आत बटणं होती. झाकण लावून ठरलेला प्रश्न विचारला: आई बाहेर आहे, तिनं डब्यात पाहिलेलं नाही, यात काय आहे असं तिला वाटेल? मुलगी माझ्या ओठांकडे बघत राहिली. प्रश्नातला 'आई' हा शब्द तेवढा तिला सापडला. तिनं दाराकडे बघितलं. मी पुन्हा विचारलं. तिनं उजवा हात उचलला, काहीतरी दाखवायला सुरुवात केली, आणि मी तो धरून मांडीवर ठेवला. त्यानंतर ती टेबलाच्या कडेकडे बघत बसली.

"लिही," शेजारी बसलेल्या मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "वयाच्या मानानं समज कमी."

त्याही थकल्या होत्या. पण हा कागद गावातल्या शाळेत जाणार होता. समज बरी असेल तर पोरीला पहिलीत बसवू, नाहीतर मतिमंदांच्या शाळेत न्या, असं तिथल्या गुरुजींनी आईला सांगितलं होतं. ते तिनं मला सकाळी दोनदा सांगितलं होतं, दुसऱ्यांदा हसत.

लहानपणी इंग्रजी शाळेत पहिलं वर्षभर मी तोंड उघडलं नव्हतं. प्रगतिपुस्तकात बाईंनी एक शब्द लिहिला होता. त्याचा अर्थ बाबांनी मला कधी सांगितला नाही. तो मला फार नंतर कळला: मंद. त्याची हिच्याशी तुलना नको. मला ऐकू येत होतं.

मी 'वयाच्या मानानं' एवढं लिहिलं आणि थांबले. मॅडमना मी कधी उलटून बोलले नव्हते. खरं तर कुणालाच नाही. पुढची फाईल टेबलावर आली होती. मुलीनं हात अजून मांडीवरच ठेवले होते, मी ठेवले तसे.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, ती उत्तर देत होती, मीच तिचा हात धरला," मी म्हणाले. "रिकाम्या सालीत आबांना संत्रं आहे असं वाटेल, हे ओळखून ती घरी रोज त्यांना फसवते. तिच्या आईला आत बोलावू या. तिच्या पिशवीत संत्री असतील."