गाठींचं माप

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका पोलीस बाईच्या शर्टाचं माप. रविवार होता. बायको पडद्याच्या आत बाईच्या अंगाला दोरा लावत होती आणि मी बाहेर स्टुलावर बसून उगाच खडूला टोक काढत होतो.

"काकू, घट्ट नको हं," आतून बाई म्हणाली.

"मी कुठं घट्ट करते? ते बाहेर बसलेत ना, त्यांना सांग."

माप झालं. दोरा खिळ्याला अडकला. बाई गेल्यावर आम्ही चहा घेतला.

"लांबी पुरती ठेवा," बायको म्हणाली. "नायतर परेडला हात वर गेला की शर्ट पँटीतून बाहेर."

"तीस वर्षं कापतोय. मला नको शिकवू."

"बरं, नाय शिकवत. जरा पाठ टेकते."

चार वाजता उठवायला गेलो तर ती उठली नाही. एवढंच झालं. जास्त सांगता येत नाही मला.

नाशकात पोलीस लाइनीच्या मागच्या गल्लीत माझं दुकान. मी चौथी पास. बायको चांदवडकडची, तिने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. आम्ही फक्त खाकी शिवायचो. पोलीस खातं कसं चालतं हे मला कोणी शिकवलं नाही, मी ते लोकांच्या खांद्यावर वाचलं. शिपायाचा खांदा मोकळा. नाईक झाला की बाहीवर दोन फिती, हवालदार झाला की तीन. सहायक फौजदार झाला की फिती जातात आणि खांद्यावर एक स्टार येतो. फौजदाराला दोन, इन्स्पेक्टरला तीन, आणि सोबत लाल-निळी रिबन. त्याच्या वरचा डीवायएसपी. त्यालाही स्टार तीनच, पण रिबन नाही. म्हणजे काहीतरी निघालं की माणूस मोठा होतो, असं हे खातं. मला हे कुठं माहीत? सुरुवातीला एका साहेबांना मी आपल्या मनाने छान रिबन लावून दिली.

साहेब आरशात बघून म्हणाले, "मास्तर, सरकारने काल बढती दिली, ती तुम्ही आज काढून घेतली की हो."

बायकोचं शास्त्र वेगळं होतं. ती खांदा बघायचीच नाही. रफूला आलेला कपडा उलटा करायची आणि सांगायची. पँट खाली पोटरीशी फाटली, तो शिपाई, दिवसभर चालतो. गुडघ्यात फाटली, तो हवालदार, पंचनाम्याला उकिडवा बसतो. बसायच्या जागी झिजली, तो साहेब. "माणूस जसा वर जातो तशी पँट वर वर फाटते," म्हणायची. शहरचे आणि ग्रामीणचे पोलीस वेगळे, साहेब वेगळे, हद्द वेगळी, हेही तिला कॉलरवरून कळायचं. काळी कॉलर म्हणजे शहरचा, चौकात धूर खाल्लेला. कांद्याचा वास आला की विंचूर नाहीतर चांदवडकडचा, बाजाराच्या बंदोबस्तावरून आलेला. चांदवडचा निघाला की त्याला चहा मिळायचा.

रजा बंद झाल्या की आमच्याकडे गर्दी. निवडणूक असो, मिरवणूक असो, कुंभमेळा असो. पेपरात यायच्या आधी आम्हाला कळायचं की काहीतरी मोठं आहे, कारण एका दिवसात शंभर तुटकी बटणं समोर यायची. बटणं लावणं आणि काजं करणं हे तिचं काम. तिचं बटण कधी तुटलं नाही. कापड फाटेल, पण बटण जागेवर.

मग खात्यात बाया वाढल्या. आधी त्यांना खाकी साडी असायची, तोवर ठीक होतं. पँट-शर्ट आला आणि माझी पंचाईत झाली. पहिली जी शिपाईबाई दुकानात आली, ती मला बघून दारातच थांबली. मी टेप हातात घेऊन तसाच उभा. बायकोने टेप माझ्या हातातून काढून घेतला, बघितला आणि परत दिला.

"ह्याच्यावरचं मला काय कळतंय? दोरा द्या."

तिने दोऱ्याच्या एका टोकाला वर्दीचं पितळी बटण बांधलं, ते बाईच्या अंगाशी धरलं आणि बटणापासून जिथवर माप आलं तिथं गाठ मारली. खांद्याची एक तऱ्हा, बाहीची दुसरी, छातीची तिसरी. मग कापडावर दोरा ताणून म्हणाली, "मी धरते, तुम्ही कापा." सरकारी कापड, त्यात बायकांचा शर्ट मी जन्मात कापला नव्हता. म्हणून आधी वर्तमानपत्रावर कापला, गाठीला गाठ धरून. तो कागद जपून ठेवला. शर्ट बसला. लाइनीतल्या सगळ्या बाया आमच्याकडे यायला लागल्या. प्रत्येकीचा एक दोरा, टोकाला ओळखीची खूण, कुणाचा मणी, कुणाची सेफ्टी पिन. पुन्हा माप घेतलं की त्याच खुणेला नवा दोरा, जुना तसाच. कुठली गाठ कशाची हे मी कधी विचारलं नाही. ती होती ना धरायला.

आमचं भांडण एकाच गोष्टीवर. ती लांबी जास्त धरायची, मला शर्ट आटोपशीर आवडायचा. ती दोरा धरायची, मी खडूने खूण करायचो, आणि ती चहाला आत वळली की खुणेच्या आत दोन बोटं कापून टाकायचो. बारा वर्षांत तिला पत्ता लागला नाही, असं मी समजत होतो.

रविवारी आलेली बाई तीच, पहिली. खात्यातली परीक्षा देऊन आता फौजदार होणार होती. अकादमीतून सुटी फक्त रविवारी, आणि पासिंग आऊटची परेड शनिवारी. म्हणजे तिला पुन्हा मापाला बोलावता येणार नव्हतं. बायकोने नवा दोरा जुन्या दोऱ्याच्याच पितळी बटणाला बांधून ठेवला होता.

त्याच संध्याकाळी बायकोला अग्नी दिला. सोमवारी सकाळी मी दुकान उघडलं. मेहुणा मागोमाग आला.

"दाजी, सुतकात कात्री धरता? लोक काय म्हणतील? दुसऱ्या टेलरला द्या कापड."

"कापड देतो. दोरा कोण वाचणार?"

तो बाहेर जाऊन बसला.

मलाही वाचता येईना. एकेरी गाठ गळ्याची समजून टेप लावला तर गळा म्हशीएवढा निघाला. मग तो वर्तमानपत्राचा कागद आठवला. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला. टेबलावर पसरला आणि त्याच्यावर त्याच बाईचा जुना दोरा ठेवून बघत गेलो. एकेरी गाठ खांद्यावर बरोबर बसली. दुहेरी बाहीवर. दोरा दुमडला तेव्हा लाल धागा गुंफलेली गाठ छातीवर आली. एकीला एक लागून तीन गाठी खालच्या कडेला, ती लांबी. म्हातारपणी पहिलीत बसल्यासारखं वाटलं.

मग नवा दोरा लावला. खांदा तोच. छाती जरा वाढलेली, चालायचंच. पण लांबी दोन बोटं जास्त. आता बाई तिशीनंतर उंच कशी होईल? दुसऱ्या एकीचे दोन दोरे काढले, एक पहिला, एक अलीकडचा. तिथंही लांबीला दोन बोटं जास्त.

मी मोठ्याने हसलो. मेहुणा घाबरून आत आला. त्याला काय सांगणार? मी दोन बोटं खाणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती गाठच दोन बोटं पुढे मारत होती. कधीपासून, देव जाणे. तोंडाने एक शब्द नाही. मी लबाडी करायचो आणि शर्ट तिच्याच मापाचा व्हायचा.

म्हणजे आता गाठीवर कापला असता तर शर्ट लांब झाला असता. मी कापड अंथरलं, दोरा ताणला. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून बटणावर थंड इस्त्री ठेवली. गाठीपाशी खडूने खूण केली. सवयीने आतल्या दाराकडे एकदा बघितलं, आणि नेहमीसारखं दोन बोटं आत कापलं.