श्वासांचा रकाना

वॉर्डात ती सगळ्यांची सिस्टर आणि घरी धाकट्या भावाची ताई. इतक्या वर्षांनी ती नर्सिंग सोडून डेटा ॲनालिटिक्स शिकणार म्हटल्यावर लोकांना वाटलं, पाय दुखत असतील. लोकांना कारण हवं असतं, खरं नको असतं.

खरं कारण कोपऱ्यातल्या खाटेवर होतं. तिथे एक शिंपीकाका होते. तिची बाही बघून म्हणायचे, "सिस्टर, ही ज्यानं शिवली, त्याला आधी ॲडमिट करा." नाडी, ताप, रक्तदाब यंत्र सांगतं, श्वास मात्र रुग्णापाशी मिनिटभर उभं राहून मोजावे लागतात. भरलेल्या वॉर्डात कोण मोजतंय? जाता जाता नजर टाकायची आणि अठरा, म्हणजे सगळं ठीक, असं लिहायचं, ही तिथली रीतच. त्या दुपारी तिनं काकांचेही अठरा लिहिले. संध्याकाळी काका धाप लागून गेले. कागद चोख होते, त्यामुळे तिला कोणी काही विचारलं नाही. तेव्हापासून रिकाम्या खोलीतही शेजारी कुणीतरी धापा टाकतंय, असं तिला वाटायचं. भीती वाटायची, आणि सांगायची लाज वाटायची.

भावानं पदव्युत्तर शिक्षणाचे दोन अभ्यासक्रम शोधले होते. एक वर्षभराचा, घरबसल्या. दुसरा दोन वर्षांचा, रोज संध्याकाळी वर्गात बसून. त्यातलं पहिलं सत्र तर आकडे गोळा कसे होतात आणि चुकतात कुठे, एवढ्यावरच.

"चुकायचं शिकायला सहा महिने कशाला? माझे गणिताचे जुने पेपर देतो," भाऊ म्हणाला. तिनंही पहिलाच ठरवला. वर्षभरात वॉर्डातून सुटका, तिला एवढंच हवं होतं.

त्या अभ्यासक्रमाचा एक नमुना तास लॅपटॉपवर झाला. सरावाला कुठल्याशा दवाखान्याची माहिती होती. श्वासांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत अठरा, अठरा, अठरा.

"यात काही फरकच नाही, म्हणजे उपयोग नाही. रकाना उडवा," शिक्षक म्हणाले.

सगळ्यांनी उडवला. तिचं बोट हलेना. एवढ्या खाटा, आणि प्रत्येकीजवळून कुणीतरी न थांबता निघून गेलेलं.

"सर, हे कुणी मोजलेलेच नाहीत," ती म्हणाली.

"शक्य आहे. म्हणूनच तर काढतोय," म्हणत ते पुढच्या मुद्द्याकडे वळले. त्यांचं चुकत नव्हतं, आणि तेच तिला सहन होईना.

तिनं दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला अर्ज केला. भाऊ चिडला. "ताई, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तुला त्या वॉर्डातून सुटायचं होतं ना?"

"सुटायचंच होतं रे. पण त्या वर्षभराच्या अभ्यासक्रमात काकांना पुसून टाकायला सांगतात."

"कोण काका?"

तिनं खुर्ची ओढली, त्याच्या समोर बसली, आणि पहिल्यांदाच कुणाला तरी सांगायला लागली.